कमलेशजी, गुड्डी आणि माझा अर्ज

कमलेशजी काल सकाळी गेल्या.

हार्ट अटॅक. पिंजौरहून त्यांच्या सुनेनं फोन करून सांगितलं. अंत्यसंस्कार कालच झाले.

चंडीगडमधल्या आमच्या सरकारी क्वार्टर्सचं पाळणाघर त्या चालवायच्या. माझा आरुष त्यांच्याच हाताखाली वाढला. मी मराठीत विचारते, तो पंजाबीत उत्तर देतो. सगळं श्रेय त्यांना.

गेल्या वर्षी त्यांनी गुड्डीला आत घेतलं. आमचे जिने झाडणाऱ्या राणीची मुलगी, तेव्हा जेमतेम वर्षाची. तोवर राणी तिला जिन्याखाली निजवून काम करायची.

नियम असा की पाळणाघर फक्त कर्मचाऱ्यांच्या मुलांसाठी. राणी ठेकेदाराकडची.

कोणी वाईट बोललं नाही, हे नोंदवायला हवं.

"बिचारी," म्हणाले. "पण इन्फेक्शनचं काय?" म्हणाले.

शेजारच्या सांगलीच्या वहिनी म्हणाल्या, "वाईट वाटतं गं. पण आज एक, उद्या दहा. आपल्याच पोरांना जागा उरायची नाही."

नियम पाळावा, असा क्वार्टर्सच्या सेक्रेटरींकडे अर्ज करायचं ठरलं. नवरा सरकारी नोकरीत, मी पेपरात काम करते, म्हणून लिहायचं काम माझ्याकडे. वीस मिनिटांत इंग्रजी मसुदा तयार. त्यात गुड्डीचं नाव नव्हतं. नियम होता, कलम होतं. खाली पहिली सही माझी.

चार दिवसांनी कमलेशजी तोच कागद घेऊन माझ्या दारात.

"दीदी, पढ़ के सुनाओ जी. मैनूं अंग्रेज़ी नहीं आंदी."

मी हिंदीत सांगत गेले.

"इतनी सी कुड़ी, और इतना लंबा कागज़?" त्या हसल्या. "कह देना जी, गुड्डी बाहर तो मैं भी बाहर."

कोणी लिहिलं, त्यांनी विचारलं नाही. मी सांगितलं नाही.

त्यांच्याशिवाय पाळणाघर चाललं नसतं. अर्ज बाजूला पडला. मागे कोणी घेतला नाही. मीही नाही.

आज सेक्रेटरींचा फोन आला. सोमवारी मीटिंग. नवी बाई नेमायची, नियमाचंही ठरवायचं.

"मॅडम, आपका वही ड्राफ्ट लगा देते हैं. सिर्फ़ डेट बदलनी है."

मी नको म्हटलं. ते म्हणाले, "मीटिंग में बोलिए."

खाली जाऊन राणीला सांगितलं की तो अर्ज मी लिहिला होता.

"पता है, दीदी," ती म्हणाली. "सोमवार को गुड्डी को लाऊँ कि नहीं?"

आण म्हटलं.

कमलेशजी, शेवटचा नमस्कार.

मीटिंग सोमवारी अकराला आहे. मी माझी सही मागे घेणार आहे. बाकीच्या सह्या तशाच राहतील असं दिसतं.