उधाणाच्या दिवशीची तारीख

कार्यालयात पाऊल ठेवलं की काका आधी मान वर करून छताच्या पंख्याकडे बघायचे. मग मला म्हणायचे, "भाऊसाहेब, तुमचा पंखा वीज खातो. माझा वीज देल." दोन वर्षांत हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं, की वीज गेली की ते नसतानाही मीच ते पुटपुटायचो.

असा माणूस तुमच्याही कार्यालयात येत असेल. काखेत प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला नकाशा, चपला दाराबाहेर, आणि शिपायालाही नमस्कार. आम्ही कारकून मंडळी असा माणूस दिसला की चहाला निघतो. मीही दोनदा निघालो होतो. तिसऱ्या वेळी तेच माझ्याबरोबर चहाला आले.

वरोरच्या बाजूला एका खाडीपलीकडे त्यांचा पाडा. भरतीला होडी चालते. ओहोटीला नुसता चिखल उरतो, त्यात होडीही चालत नाही आणि माणूसही. रस्त्याने यायचं तर लांबचा वळसा, आणि तोही अर्धा कच्चा. त्यांच्या बायकोला साप चावला तो नेमका ओहोटीच्या वेळी. अलीकडच्या काठावर रिक्षा उभी असलेली दिसत होती. पाणी येईपर्यंत बायको गेली. हे त्यांनी मला एकदाच सांगितलं आणि लगेच नकाशा उघडला.

समुद्रात पवनचक्क्या उभारता येतील का, म्हणून वारा मोजायला आलेल्या मंडळींनी काही दिवस त्यांची होडी घेतली होती. त्यांच्यातला एक इंजिनियर बोलता बोलता म्हणाला, की तरंगत्या पुलाच्या पाठीवरच पवनचक्क्या बसवता येतात. पुलाने चक्कीला आधार द्यायचा आणि चक्कीने पुलाला पोसायचं. तो इंजिनियर हे कधीच विसरला असेल. काका विसरले नाहीत.

त्यांच्या अर्जात सगळं होतं. खाडीच्या मुखावर तरंगता पूल, त्यावर चक्क्या, वीज पाड्याला, आणि उरलेल्या विजेवर पुलाची डागडुजी. रस्ते बघणारे म्हणाले, चक्की काढा. वीज बघणारे म्हणाले, पूल काढा. पाणी बघणाऱ्यांनी दोन्ही काढायला सांगितलं.

"काका, दोन वेगळे अर्ज करा ना," मी म्हटलं.

"नवरा एका होडीत, नवरी दुसऱ्या होडीत. अशी वरात कुठं जाल, भाऊसाहेब?"

मग त्यांची सून गरोदर राहिली. मुलगा गुजरातकडच्या बोटीवर खलाशी, घरात हे दोघंच. काकांनी कागदाची वाट बघणं सोडलं. "आता बाळाच्या आधी पूल पाहिजे," म्हणाले. आतल्या अरुंद जागी नमुन्याचा पूल बांधायला घेतला. निळी पिंपं, जुन्या होडीच्या फळ्या, कापलेल्या पाइपांची पाती. अच्छाडला धाब्यांमागे मोडीत पडलेल्या ट्रकचा डायनामो मिळाला, तो आणायला एका रविवारी मीही गेलो. एसटीत तो माझ्या मांडीवर होता. कंडक्टरने त्याचंही तिकीट मागितलं, तेव्हा काका गंभीरपणे म्हणाले, "पाच वर्षांखालचा हाय." अख्खी एसटी हसली.

पूल तयार झाल्यावर मला बघायला बोलावलं. मी डोंगराकडच्या रानशेतचा. आमच्याकडे पाणी वरून खाली जातं, एवढंच मला माहीत. पायाखाली फळी हलली तसा मी काकांचा दंड धरला. मधोमध पंखा गरगरत होता आणि त्याच्या खांबावर ट्रकचा दिवा पेटला होता. हात लांब करून एकदा दिव्याकडे, एकदा आपल्या घराकडे दाखवत ते नुसते उभे राहिले. इतका सुखी माणूस मी आमच्या कार्यालयात कधी पाहिला नव्हता.

पूल दोन्ही काठांना खुंटांशी दोरांनी बांधलेला. अमावास्येला आणि पौर्णिमेला उधाण येतं, पाणी फार चढतं. तेव्हा काठावर बसून, पाणी चढेल तसा दोर वीत वीत सोडावा लागे. आधीच सैल सोडला तर पूल प्रवाहात वाकडा होतो, सोडलाच नाही तर दोरच तुटतो. ते गणित फक्त काकांच्या हातात होतं. तिथी कशी मोजायची तेही त्यांनी मला बोटांच्या पेरांवर शिकवलं. मी ऐकलं आणि सोडून दिलं.

अखेर मीच साहेबांच्या मागे लागून त्यांच्या अर्जाला सुनावणीची तारीख मिळवली. नोटीस हातात दिली तेव्हा काकांनी अंगठा पेरांवरून फिरवला. पुन्हा एकदा फिरवला. मग म्हणाले, "येतो."

ठरलेल्या दिवशी अकराला ते बाकावर हजर. साहेब बैठकीला गेलेले. बारा वाजले. काका पंख्याकडे बघत नव्हते, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होते. थोड्या वेळाने उठून म्हणाले, "भाऊसाहेब, जाऊ काय? पाणी चढत असल."

"बसा हो काका," मी म्हटलं. "आता गेलात तर गैरहजर लागेल. दोन वर्षं फुकट जातील."

ते बसले. माझ्या शब्दावर बसले. साहेब आलेच नाहीत, आणि चार वाजता मी त्यांना सांगितलं, की पुढची तारीख कळवू.

त्या दुपारी दोर तुटले आणि पूल गेला. तिसऱ्या दिवशी सकाळी, ओहोटीत, सुनेला कळा सुरू झाल्या. चार माणसांनी तिला पुलाच्याच एका उरलेल्या फळीवर घालून चिखलातून ओढत आणलं. सून वाचली. बाळ वाचलं नाही.

महिन्याभराने काका आले. मान वर केली नाही. "माझा नकाशा द्या," म्हणाले.

"तो फाइलला लागलाय, काका. आता काढता येत नाही."

त्यांनी मान हलवली. मला राहवलं नाही. "त्या दिवशी अमावास्या आहे, हे तेव्हाच का नाही सांगितलंत?"

"दोन वर्षांनी बोलावलंत, भाऊसाहेब. नाय कसं म्हणू?"

त्यांनी मला कसलाही बोल लावला नाही. लावला असता तर बरं झालं असतं. त्यानंतर या वयात तेही गुजरातच्या बोटीवर गेले, भंडारी म्हणून, खलाशांचा स्वयंपाक करायला.

परवा त्यांच्या अर्जाला पुन्हा तारीख पडली. पोस्टातून गेलेली नोटीस परत आली, 'पत्त्यावर राहत नाहीत' असा शेरा घेऊन. ती खिशात घालून मी खाडीवर गेलो. ओहोटी होती. दोन पिंपांसकट पंखा तिवरांच्या झाडीत अडकून राहिलाय. वारा होता, पाती फिरत होती, आणि भर उन्हात ट्रकचा दिवा पेटला होता. पलीकडे काकांची सून दारात उभी होती. तिने हात कपाळावर धरून माझ्याकडे पाहिलं आणि ओरडून विचारलं, "कोण हाय?"

मी नोटीस काढली आणि काकांनी शिकवलं होतं तशी त्या कागदावरची तारीख बोटांच्या पेरांवर मोजली. मग पुन्हा एकदा मोजली. पौर्णिमा होती.