बिब्बा उतला तेव्हा

आमच्या माहेरी, वालूरला, बिब्बा कुणालाच सोसत नाही. नुसता हात लागला तरी तो उततो, अंगभर फोड येतात. सासरी, चुडाव्याकडे, मात्र थंडी पडली की सगळे दुधातून बिब्बा घेत. सुई टोचून तो दिव्यावर धरायचा, म्हणजे त्याचं तेल दुधाच्या वाटीत थेंब थेंब पडतं.

लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात माझी कंबर धरली. तेव्हा निजामाचं राज्य, जवळचा मोठा दवाखाना परभणीला. गावात इलाज वैद्यबुवांचा. सासूबाईंनी वैद्यबुवांना बोलावलं; सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायची. वैद्यबुवा ओसरीवर बसले, मी दाराआड. नव्या सुनेनं परक्या पुरुषापुढं बोलायचं नाही, म्हणून तिचं दुखणं सासूच सांगायची.

"बिब्बा सोसतो का हिला?" वैद्यबुवांनी विचारलं.

"न सोसायला काय झालं? आमच्या घरात सगळ्यांला सोसतो."

मी आत्याबाईंचा पदर ओढला. त्यांना वाटलं, मी लाजतेय. "लय लाजाळू हाय," त्या हसून म्हणाल्या. वाटी पुढं आली तशी मी घेतली.

सकाळी तोंड सुजून डोळे मिटले. अंगाची लाही होत होती. आत्याबाई घाबरल्या. तीळ आणि ओलं खोबरं वाटून त्याचं दूध त्या माझ्या तोंडाला चोळत बसल्या. "लेक माझी पदर ओढून सांगत व्हती, अन् म्या ऐकलं न्हाई," एवढंच म्हणत राहिल्या. तशी माया मला आईनंतर कुणी केली नव्हती.

वालूरला निरोप गेला आणि दादा रेल्वेनं आला. मला बघून ओसरीवर जाऊन ओरडला, "आमी बहीण दिली व्हती तुमाला. आत बसलाय ह्यो भोपळा कोणाचा?"

येताना परभणीला उतरून तो वकिलाला भेटला होता. वकिलानं सांगितलं होतं, वैद्यानं न विचारता औषध दिलं असेल तर कसूर वैद्याचा, फिर्याद करता येईल. विचारलं असेल आणि घरच्यांनी हो म्हटलं असेल, तर तो सुटला, कसूर घरच्यांचा. तसं निघालं तर दादा मला कायमची घेऊन जाणार होता. आत्याबाई माझ्या गालाला खोबऱ्याचं दूध लावतच होत्या. मला जायचं नव्हतं.

वैद्यबुवांना बोलावणं गेलं. दादानं सरळच विचारलं, "बिब्बा सोसतो का, हे विचारलं व्हतं का न्हाई?"

एक 'हो' म्हटलं की ते मोकळे होते.

"विचारलं," ते म्हणाले. "पण जिला द्यायचा तिला न्हाई विचारलं. ती दाराआडच व्हती. तिच्या तोंडून ऐकायचं सोडून म्या दुसऱ्याचं ऐकलं. कसूर माझा हाय. चला ठाण्यात, अमीनसाहेबापुढं हेच सांगतो."

ज्याला ओढत न्यायचं तोच पुढं चालायला निघाला होता. तेवढ्यात वैद्यबुवा दाराकडं वळले. "लेकी, आता तूच सांग. आग कुठं जास्त व्हायलीय?"

"डोळ्यांत," मी म्हणाले.

माझा आवाज त्या ओसरीवर पहिल्यांदाच ऐकू आला. सासरे संकोचून बैल बघायला उठून गेले.

दादानं हळूच विचारलं, "येतीस का घरी?"

"आत्याबाई खोबरं चोळायल्यात," मी म्हणाले. "बरं वाटायलंय."

दादा कपाळाला हात लावून हसला. फिर्याद न करताच जेवून गेला.

वैद्यबुवा रोज येऊन बघून जात. सूज उतरली, डोळे पहिल्यासारखे झाले. त्यांचे आणि आत्याबाईंचे उपकार मी तोंडानं कधी बोलले नाही, म्हणून लिहून ठेवते आहे.

पुढं धाकटी जाऊ घरात आली आणि तापानं पडली. वैद्यबुवा ओसरीवर बसले आणि सवयीनं आत्याबाईंकडं बघू लागले. आत्याबाईंनी तिला हाताला धरून दारात आणून बसवलं.

"माझ्याकडं काय बघताव?" त्या म्हणाल्या. "ताप तिला हाय. तिला इचारा."