गप्प कोणी बसायचं

आत्या जुन्या सोफ्यांना नवं कापड चढवायची. तोंडात बारीक खिळे धरलेले असले, की तेवढा वेळच ती गप्प असायची. एकदा जिना चढताना तिला धाप लागली, पायही सुजून टम्म झाले. तिच्या धाकट्या भावाने, म्हणजे माझ्या बाबांनी, तिला दवाखान्यात नेलं.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "हृदय कमजोर झालंय. रक्त कमी पोचतं, म्हणून शरीर घाबरून हार्मोन सोडतं. ते मीठ-पाणी अंगात धरून ठेवतात, रक्तवाहिन्या आवळतात, हृदयाला आणखी पळवतात. त्यानेच ते जास्त थकतं."

"दमलेल्यालाच राबवायचं? माझ्या दुकानात मी असलं चालू देत नाही!" आत्या उसळली.

"म्हणून तर या गोळ्या. हार्मोनांना गप्प करायला."

"ऐकलंस ना ताई? आता दुकान बंद कर," बाबा म्हणाले.

"गप्प त्यांना करायचंय, मला नाही!"

तिने एकही गोळी चुकवली नाही, मीठही कमी केलं. सूज उतरली. हृदय काही पूर्वीसारखं झालं नाही, पण बसून काम करायला डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलं. आता ती स्टुलावर बसून हातोडी चालवते आणि जड सोफे हलवायला बाबांनाच कामाला लावते.