सांबप्पांनी पारखलेली गिटार

देवगाव फाट्यावरच्या कापडदुकानदार सांबप्पांना डोळे मिटून कापड ओळखता येतं, हे सगळ्या सेलू तालुक्याला ठाऊक. अंगठा अन् बोटाच्या मधे कापड एकदा चोळलं की बस, सूत किती, नायलॉन किती, धुतल्यावर किती आटंल, सगळं सांगून मोकळे. "महाग घेणारा एकदाच रडतो, स्वस्त घेणारा रोज रडतो," हे त्यांचं वाक्य ऐकल्याबिगर कुणाला ब्लाउजपीससुद्धा मिळायचा नाही.

अशा माणसाच्या पोटी वैभव निघाला, गिटारीच्या नादाचा. कॉलेजात असताना त्यानं सहा हजारांची एक इलेक्ट्रिक गिटार घेतली होती. ती कधी नीट वाजली असेल तर शपथ! विचारलं की उत्तर तयार. "आप्पा, गिटारच हलकी हाय. खुंट्या सुटतात, तारा उंच हायत, स्पीकरात नुसतं गूंऽऽ करती." पोरगं खोटं बोलत नव्हतं बरं का. सांबप्पांनी एकदा दांड्यावरून बोट फिरवलं, तर लोखंडी पट्ट्यांची टोकं कचकन टोचली. "ह्याला माल म्हणत न्हाईत, हे डबडं हाय," त्यांनी निकाल दिला.

आणि मग त्या भल्या माणसाला काय अवदसा आठवली कोण जाणे! समाजाच्या बैठकीत उठून त्यांनी शब्द दिला, बसव जयंतीला आमचा वैभव गिटारीवर भजन वाजवणार. वर हैदराबादहून सव्वा लाखाची गिटार मागवली. भागम्मानं, म्हणजे त्यांच्या बायकोनं, कपाळाला हात लावला. शेजारचा खतदुकानदार भुजंग तर दात काढत म्हणाला, "आप्पा, एवढ्यात म्हशी आल्या असत्या. दूध तरी दिलं असतं!"

गिटार आली. सांबप्पांनी बोट फिरवलं, कुठं टोचायचं नाव नाही. खूश झाले. मग वैभव वाजवायला बसला. अगं माय! जुन्या गिटारीच्या गूंऽऽ मधे त्याच्या चुका झाकून जायच्या. ह्या नव्या बयेनं एकही झाकली नाही. चुकलेलं बोट न् बोट खाली दुकानात स्वच्छ ऐकू यायला लागलं. सांबप्पांनी त्या दिवशी गिऱ्हाइकाला पाव मीटर कापड जास्त फाडून दिलं, उभ्या हयातीत पहिल्यांदा.

जयंती आठवड्यावर आली. सेलूच्या चौकात वैभवच्या नावाचं बॅनर लागलं. साऱ्या समाजात दिलेला शब्द! भुजंग रोज सकाळी विचारायचा, "काय आप्पा, म्हशीनं दूध दिलं का?"

अन् मग ती दुपार. उन्हानं रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. सांबप्पा गादीवर पेंगत होते. वरच्या मजल्यावरून, घरातून, गिटार वाजायला लागली. मठातलं रोजचंच भजन, पण असं की सांबप्पा ताडकन उठून बसले. एक सूर चुकत नव्हता. डोळ्यांत पाणी आलं त्यांच्या. तसेच अनवाणी धावत गेले अन् भुजंगला मनगटाला धरून दुकानातून ओढून आणलं. "चल, ऐक! लय दात काढत होतास ना? आता ऐक!"

भुजंगनं जिन्यात उभं राहून ऐकलं. बिचारा गारच पडला. "मानलं आप्पा. पैसा बोलायलाय."

"माल हाय तो माल!" म्हणत सांबप्पांनी दार ढकललं.

आत त्यांची सून बसली होती. वैभवची बायको, शिवरंजनी. डोक्यावरचा पदर खांद्यावर आलेला, मांडीवर ते सहा हजारांचं डबडं. सासऱ्याला बघून तिच्या हातातली तार तशीच झणझणत राहिली.

सून? ही? तेवढ्यात मागून जिन्यात पावलं वाजली. आप्पांना न सांगता पहाटेच परभणीला गेलेला वैभव परत आलेला, पाठीवर नवी गिटार. खालूनच बोलत आला, "आप्पा, दाखवून आणली. मेकॅनिक म्हणला, गिटारीत काय बी बिघाड न्हाई..." आणि दारात येऊन तोही थिजला.

भुजंगला हसूसुद्धा आलं नाही.

सांबप्पा भिंतीकडं तोंड करून बसले. डोळे मिटले. म्हणाले, "दोघं बी वाजवा. दोन्ही गिटारी. कोण, कोणची, काय सांगू नका."

कोण वाजवतंय ते पहिल्या सुरालाच कळलं. पण वैभवच्या हातात सहा हजार कुठले अन् सव्वा लाख कुठले, ते काही केल्या कळेना. मग सुनेनं वाजवलं. जुनी गोड वाजली. नवी वाजली तेव्हा मात्र सांबप्पांच्या अंगावर काटा आला. सूर सोडल्यावरही हवेत तसाच उभा राहायचा, सावकाश विरायचा. म्हणजे गिटार खरी होती, दाम खरा होता. फरक होता, चांगला लाखाचा होता. फक्त तो वैभवच्या हातात दिसत नव्हता.

त्यांनी डोळे उघडले. शिवरंजनी नव्या गिटारीचा दांडा कुरवाळत हळूच म्हणाली, "ही बोटं कापत न्हाई, आप्पा."

तेव्हा त्यांनी तिचा डावा हात बघितला. बोटांची टोकं घट्टे पडून टणक झालेली, त्यांवर जुन्या कापल्याच्या बारीक खुणा. लग्न होऊन आल्यापासून हाच हात त्यांना भाकरी वाढत होता. अन् हे म्हणे डोळे मिटून पारखणारे!

"कुठं शिकलीस, बाई?"

"माहेरी राणीसावरगावला वडील भजनात पेटी वाजवायचे, सूर कानात व्हते. बाकी हितंच. तुमी दुकानात असता तवा, फोनवर बघून. स्पीकर लावतच नव्हते. आज लावला. वाटलं, खाली कुणाला ऐकू आलं तरी हेच वाजवायलेत असं वाटंल."

"मग सांगितलं कामून न्हाई?"

शिवरंजनीनं आवाज ऐकून आतून आलेल्या सासूकडं बघितलं. "सांगितलं व्हतं. आत्याबाई म्हणल्या, बोलू नको. आप्पांना कळलं तर गिटार विकून टाकतील."

भागम्मानं मान खाली घातली. खोटं काय होतं त्यात? सुनेच्या हातात बघितली असती तर सांबप्पांनी दुसऱ्या दिवशी विकलीच असती. मिळंल त्या भावाला.

मग सांबप्पा भुजंगकडं न बघता, कधी नव्हे ते अहोजाहो करत म्हणाले, "भुजंगराव, सेलूला फोन लावा. बॅनरवरचं नाव बदलायचं हाय. शिवरंजनी लिव्हा."

वैभव आपलं वाजवून झाल्यावर परत दारात जाऊन उभा राहिला होता. तो आत आला, खाली बसला, अन् बायकोच्या मांडीजवळ पडलेली जुनी गिटार त्यानं उचलून स्वतःकडं घेतली.

"आप्पा," तो म्हणाला, "ही आता विकू नका. मला शिकायला लागंल."