प्रेक्षकांना आधीच ठाऊक असतं

लेक विद्यापीठात नाटक शिकते. परीक्षेआधी तिने मला समोर बसवून संज्ञांचा कागद हातात दिला. मी विचारायचं, तिने उत्तर द्यायचं, उदाहरणं सगळी एकाच नाटकातली. ग्रीक पुराणातली गोष्ट होती. धान्याच्या देवीची मुलगी फुलं वेचायला जाते, पाताळाचा राजा तिला पळवून नेतो, आणि बापाने त्या लग्नाला आधीच होकार दिलेला असतो.

काशीत अमृतराव घाटावरच्या गल्लीत मी यात्रेकरूंच्या राहण्या-जेवणाची सोय करते. हे सगळं मी एकटीने उभं केलंय. नावाडी आणि भाजीवाले माझ्या तोंडाला घाबरतात. त्या दुपारी मात्र मी जपून बोलत होते. रविवारी इंदूरचं एक कुटुंब काशीयात्रेला माझ्याकडे उतरणार होतं. खरं तर ते लेकीला बघायला येत होते, आणि तिला मी सांगितलं नव्हतं. आपल्या लोकांत असंच चालतं. यात्रा होते, मुलगी बघून होते, नाही जमलं तर कुणाचा अपमान नाही.

"नाट्यात्म उपरोध," मी वाचलं.

"प्रेक्षकांना सगळं ठाऊक असतं, फक्त पात्राला नसतं. मैत्रिणी हसून तिच्या केसांत फुलं माळतात, त्यांनाही माहीत असतं. सगळं थिएटर बघतंय यार, आणि ती आपली गातेय!"

माझं डोकं तापलं. अठराव्या वर्षी मीही आईवडिलांबरोबर साताऱ्याहून अशीच इथे काशीला यात्रेला आले होते. ज्यांच्याकडे उतरलो, त्या घरच्या बायकांनी मला पंचगंगा घाटावर नेलं, गोड बोलल्या. तिसऱ्या दिवशी कळलं, लग्न ठरलंय. पायरीवर आई माझे ओले केस पुसत होती, तेव्हा तिला ठाऊक होतं. नवरा वाईट निघाला नाही, पण तो राग काही गेला नाही.

"यात आईची चूक कोणती?" मी विचारलं.

"आईची नाहीच. तिला खरंच माहीत नसतं. कळतं तेव्हा ती सगळी शेतं सुकवून टाकते."

पुढचा शब्द मला वाचता येईना. मी इंदूरचं सांगून टाकलं.

ती ओरडली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती हळू म्हणाली, "आजीने तुझ्या बाबतीत केलं, तेच?"

"स्थळ चांगलं आहे गं. मुलगा रेल्वेत..."

"मी काय नेसायचं तेही ठरवलं असशील."

ठरवलं होतं.

"फोन लाव. माझ्यासमोर. स्पीकरवर."

ठरलेल्या सौद्यातून मी कधी मागे फिरले नव्हते. मुलाच्या आईला म्हटलं, "ताई, यात्रेला जरूर या, खोली तुमचीच आहे. पण मुलगी बघायचं राहू द्या. मी तिला विचारलंच नव्हतं."

"अहो, मग आता विचारा की! मी थांबते."

मी लेकीकडे पाहिलं. तिने नकारार्थी मान हलवली.

"ती नाही म्हणते," मी सांगितलं, आणि त्यावर घासाघीस केली नाही.