भीमगडाच्या चढावरची आक्का

खानापूरच्या जंगलातला भीमगडाचा चढ मला अर्ध्यावरच जड गेला. वर्षभरापूर्वी गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, पाठीवर दोन दिवसांच्या मुक्कामाचं ओझं. आमच्या बेळगावच्या गटातले बहुतेक जण पुढे निघून गेले होते. मी एका खडकावर बसलो आणि इथूनच परतायचं ठरवलं.

तेवढ्यात मागून पन्नाशीची एक बाई चढत आली. साडीखाली बूट, पाठीवर सॅक; दोन्ही लेकीचं, हे तिनं नंतर सांगितलं. निपाणीहून आमच्याच गटात आली होती, पण सकाळपासून आमचं बोलणं झालं नव्हतं. ती शेजारी टेकली. तिची बोटं पदराचं टोक वळत होती, सोडत होती, पुन्हा वळत होती.

माझी नजर बघून ती हसली. “बिड्या वळतो मी, अण्णा. तीस वर्सं मांडीवर तंबाखूचं सूप घेऊन एका जागी बसलोय. पाय हाईत हेच इसरलोतो. म्हटलं, त्यास्नी बी जरा फिरवून आणूया.”

“दुखत न्हाईत?”

“लई दुखत्यात की! म्हंजे हाईत अजून.”

मला हसू फुटलं. माझाही गुडघा ठणकत होता, पण पहिल्यांदाच मला त्याचा राग आला नाही. मी उठलो. ती थोडं चढायची, थांबायची आणि मी येईपर्यंत झाडं बघत राहायची.

गडावर पोचलो तेव्हा बाकीचे फोटो काढत होते. तिनं घाम पुसला, गडापेक्षाही उंच अशा समोरच्या डोंगराकडे बोट केलं आणि गटाच्या वाटाड्याला विचारलं, “तिकडं वाट जाते काय?”