देवघरातला मग

महिन्याभरापूर्वी अमेरिकेहून पार्सल आलं. एक मग, दोन साबण, चॉकलेटचा पुडा... आणि नुसता टपालखर्चच तीन हजारांच्या वर! तिकडे शिकणाऱ्या माझ्या भाचीनं, माधुरीनं पाठवलेलं.

मगावर एकच शब्द, कोजोनेस की असंच काहीतरी. सोबत चिठ्ठी... 'आत्या, रूममेटला तुझी सुपारीची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, तुझ्या आत्याकडे हे आहे! अर्थ मी आल्यावर सांगीन.'

सुपारीची गोष्ट दोन वर्षांपूर्वीची. माधुरीचं लग्न तिच्या मनाविरुद्ध ठरत होतं. भरल्या बैठकीत मी ताटातली सुपारी उचलली, पदरात बांधली, म्हटलं, पोरगी शिकायला जाणार. तिचा बाप, म्हणजे माझा धाकटा भाऊ दत्ता... तेव्हापासून ना माझ्याशी बोलला, ना तिच्याशी. दोन भाऊबिजा मी चंद्राला ओवाळलं.

तो शब्द मला एखाद्या देवाच्या नावासारखा वाटला. मग देवघरात ठेवला, त्यात जास्वंद. दुपारी कवडसा पडला की अक्षरं पाण्यासारखी हलायची, आणि माधुरीचं न पाहिलेलं गाव डोळ्यांपुढे यायचं...

काल ह्यांनी दत्ताला तासगावच्या बेदाण्याच्या सौद्यातून ओढूनच घरी आणला. मान खाली घालून चहा पीत होता. नजर देवघराकडे गेली आणि ठसकाच लागला.

"अगं अक्का, ह्ये देवाम्होरं कुणी ठिवलं?"

"तुझ्याच लेकीनं पाठवलाय. का रं?"

"कोहोनेस म्हणायचं त्येला! स्पॅनिश शिवी हाय ती." दत्ता मिलिटरीत होता, शांतिसेनेत स्पेनचे सोल्जर शेजारी असायचे. "बैल खच्ची करताना जे ठेचत्यात न्हाई... त्ये. पण धाडसाला बी म्हणत्यात. कुणी छाती दाखवली की, ह्याला हाईत!"

मी पदर तोंडाला लावला. देवा, माफ कर रे बाबा!

"बाईला बी म्हणत्यात?"

त्यानं कप खाली ठेवला. मग हळूच म्हणाला, "त्या दिवशी बैठकीत मी मनात ह्योच शब्द म्हणलो हुतो. रागानं... पण म्हणलो हुतो."

मी मग देवघरातून काढला, विसळला, आणि दुसरा चहा त्याला त्यातच दिला. दोन्ही हातांनी धरून प्यायला. जाताना पायरीवर थांबला... "माझा फोन उचलंल का गं ती?"

माधुरी, ही पोस्ट वाचलीस की उलट टपाली एवढंच कळव... उचललास ना?